ट्रॉलीची दांडी

विचारल्याशिवाय मला राहवत नाही, ही माझी जुनी खोड. ऊर्जानगरच्या क्वार्टर्समध्ये होतो तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये चढले की ड्रायव्हर रेडिओ मोठा करायचा. आमचे हे तिथल्या वीजकेंद्रात फिटर होते. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन गावी परतले ते लिलावातली जुनी जीप घेऊन. जिपीमागे जोडायला ट्रॉली त्यांनी स्वतः वेल्डिंग करून बनवली. हे चाक कशाचं, ती कडी कशाला, पुढची दांडी एवढी लांब का, असं मी इतकं विचारलं की शेवटी ते कानात कापूस घालून वेल्डिंग करायला लागले.

गाव एटापल्लीच्या रस्त्यावर, जंगलाला चिकटून. जंगल कामगार सोसायटी दरवर्षी कूप, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा, तोडते आणि कापलेलं सागवान डेपोपर्यंत आणावं लागतं. वीस वर्षं ते काम इस्तारीभाऊंच्या हल्यांच्या, म्हणजे रेड्यांच्या, गाडीकडे होतं. या माणसाला ना शेत, ना मूल. दोन हले आणि ती गाडी, एवढाच त्यांचा संसार. त्या वर्षी सोसायटीचे सेक्रेटरी रामाजी सगळ्यांसमोर यांना म्हणाले, "सुरेंद्रभाऊ, तीन दिवस जीप चालवून दाखवा. जमलं तं यंदाचा कूप तुमचा. नाई जमलं तं इस्तारीचा." इस्तारीभाऊ तिथेच बसले होते. त्यांनी तंबाखू मळला आणि उठून गेले.

पहिल्या दिवशी मी डबा घेऊन कुपात गेले. डबा हे निमित्त, मला जीप बघायची होती. मजुरांनी ट्रॉली भरली होती, दांडी लाकडाच्या टेकूवर ठेवली होती, जीप अजून जोडायची होती. तेवढ्यात इस्तारीभाऊ आले, वाकले आणि दांडीखाली खांदा लावून उठायला लागले. मानेच्या शिरा फुगल्या, पण कंबर काही सरळ होईना. दांडी परत टेकूवर ठेवून, खांदा झटकून ते निघून गेले.

हे काय होतं? मी यांना विचारलं. "म्हातारा आपली ताकद पाहून राह्यला," हे हसले. भराई करणाऱ्या मंगरूला विचारलं तर तो म्हणाला, "नजर लावून राह्यला बाई, निंबू बांधा जिपीले." रामाजींना विचारलं, ते म्हणाले, वाईट वाटत असेल बिचाऱ्याला. तीन माणसं, तीन उत्तरं. माझं एकाही उत्तराने समाधान झालं नाही.

दोन दिवस जीप छान चालली. लाकूड बारीक होतं, यांची छाती फुगत चालली होती. दुसरं कोडं मला दुसऱ्या दिवशी पडलं. वाटेत एक नाला लागतो, त्याच्या पलीकडे उभा चढ. इस्तारीभाऊ दिवसभर त्या चढावर बसून होते, भर उन्हात. दहा पावलांवर मोहाची सावली असताना माणूस उन्हात का बसतो? मी घरी येऊन यांना विचारलं. हे म्हणाले, तू जेव.

तिसऱ्या दिवशी जाड लठ्ठे भरले. जीप चढ कशी चढते ते आतून बघायचं म्हणून मी जिपीत जाऊन बसले. हे नको म्हणाले, मी ऐकते थोडीच!

नाला ओलांडला. चढाच्या मध्यावर वाट उजवीकडे वळते आणि समोर दरड आहे, खाली काळे दगड. तिथे पोहोचलो आणि मला बोनेटच्या वर नुसतं आभाळ दिसायला लागलं. जिपीची पुढची चाकं जमीन सोडून उठली होती. हे स्टिअरिंग उजवीकडे फिरवत होते, जीप सरळ दरडीकडे चालली होती. 

"थांबू नोका! चालू द्या!" इस्तारीभाऊ ओरडत धावत आले आणि त्यांनी बोनेटवर उडी टाकली. साठीचा माणूस पोटावर पालथा पडला. चाकं धपकन टेकली, जीप वळली आणि गुरगुरत वर आली. वर येऊन थांबलो तेव्हा त्यांच्या हनुवटीतून रक्त येत होतं. मी पदर फाडून दाबला. यांचे हात स्टिअरिंगवरून निघतच नव्हते.

"सारे बुंधे जिपीकडं भरले तुमी," इस्तारीभाऊ म्हणाले. "जड बाजू समोर. भार दांडीवर आला, दांडीनं जिपीचं ढुंगण दाबलं, तोंड वर उठलं. हल्याची मान लगेच सांगते जी. तुमच्या जिपीले मानच नाई, सांगन कोन? म्हणून आपला खांदा लावून पाहावं लागते."

"म्हंजे तुमाले पहिल्याच दिवशी समजलं होतं?" मी विचारलं.

"होय."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"इचारलं कोनं, बाई?"

मी गावभर विचारत फिरले होते. ज्याने दांडी उचलली त्याला सोडून.

संध्याकाळी रामाजी विचारायला आले, कूप कोणाचा. हे अंगणात जिपीकडे पाठ करून बसले होते. म्हणाले, "जीप माही, खांदा इस्तारीभाऊचा. दोघायचंई नाव लिवा." पायरीवर बसलेल्या इस्तारीभाऊंनी होकाराची मान हलवली. फक्त एवढंच म्हणाले की जिथे जीप जात नाही तिथलं लाकूड हलेच आणतील.

दुसऱ्या दिवशी कुपात ट्रॉली भरून झाली. या वेळी मी शहाणपणा केला आणि थेट त्यांच्याकडे गेले. दोन दिवस सावली सोडून त्या चढावर ते जिपीचं तोंड उठायची वाट बघत बसले होते, हे मला आता कळलं होतं. तरी विचारलंच. "भाऊ, मी बसली नसती जिपीत, तं टाकली असती उडी?"

इस्तारीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. हल्याच्या मानेवर जुवाने पडलेला घट्टा होता, त्यावरून ते हात फिरवत राहिले. पलीकडे आमचे हे साखळी आवळत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनीही मान वर केली नाही.

मग इस्तारीभाऊ दांडीखाली वाकले, खांदा लावला आणि उठले. "दोन नग उलटे फिरवा," म्हणाले, "बुंधे मागं."

तो प्रश्न मी पुन्हा विचारला नाही. मंगरूला हाक मारली आणि लठ्ठे फिरवायला मीही हात लावला.