पाच मीटरवरचा स्क्रम

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी पोर्थवीनच्या मैदानावर जे झालं, त्याला निम्मं गाव अजून नाटक म्हणतं. म्हणोत बापडे. निम्म्या गावाला तसंही शनिवारी दुपारनंतर धड काही दिसत नाही, बिअरचा ग्लास सोडून.

मॉर्वेना नॅनकॅरो त्या दिवशी मैदानाच्या कडेला उभी होती, औषधांची पेटी घेऊन. एरवी ती गुरांच्या डॉक्टरकडे कामाला असते. गायींच्या पायाला पट्ट्या बांधणारी बाई आमच्या संघाला कशी चालते, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "फरक एवढाच की गाय लाथ मारायच्या आधी सांगते." तिचा थोरला भाऊ डेन्झिल आमच्या रग्बी संघाचा प्रॉप. म्हणजे स्क्रममध्ये सगळ्यात पुढे, कोपऱ्याला. इकडची आठ माणसं, तिकडची आठ, खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात, आणि तो सगळा रेटा शेवटी येऊन बसतो प्रॉपच्या मानेवर. डेन्झिल तिथे वीस वर्षं उभा होता. बाकीचे दिवस खेकड्यांचे पिंजरे ओढायचे आणि शनिवारी माणसं ढकलायची, याखेरीज त्याला तिसरं काही येत नव्हतं, आणि यावं असं त्याला वाटतही नव्हतं.

मोसमाची सुरुवातच अशी झाली की बोलायची सोय नाही. सप्टेंबरमध्ये जो भेटला त्याने आम्हाला धुतलं. ऑक्टोबरात आम्ही ट्रेस्कॅरनला गेलो. तिकडची माणसं चिनीमातीच्या खाणीतली, दांडगी. पण त्या दिवशी डेन्झिलने त्यांच्या क्लेम अँगोव्हला असा काही मागे रेटला की बघत राहावं. मग एकदम क्लेम पाठ धरून खाली बसला. त्यांच्याकडे दुसरा प्रॉप नव्हता. आता नियम असा आहे की एका बाजूला पुढल्या रांगेत शिकलेला माणूस उरला नाही, तर उरलेल्या सामन्यात स्क्रममध्ये कुणी ढकलायचंच नाही. नुसतं एकमेकांना टेकून उभं राहायचं आणि चेंडू ज्याचा त्याला द्यायचा. नवख्याची मान मोडू नये म्हणून केलेला शहाणा नियम. पण ज्याचा स्क्रम कच्चा, त्याला यात पळवाट दिसते. आमचं एकच बळ होतं, ते गेलं, आणि आम्ही हरलो.

सामना संपल्यावर बघतो तर क्लेमसाहेब क्लबात बिअरचं पिंप उचलून आणतायत. डेन्झिलचं डोकंच फिरलं. इथे रीत अशी की समोरासमोर खेळलेल्या दोन प्रॉपनी सामन्यानंतर एकमेकांना एकेक ग्लास पाजायचा. क्लेमने पुढे केलेला ग्लास डेन्झिलने घेतला नाही. भरल्या क्लबात म्हणाला, "पाठ बरी झाली वाटतं? गड्या, पुढल्या रांगेत उभं राहायची छाती नसेल तर नाटक मंडळीत जा. तिथे पडायचे पैसे देतात."

क्लेम लालबुंद झाला आणि ग्लास घेऊन माघारी गेला. आठवड्याभरात ही गोष्ट साऱ्या कॉर्नवॉलभर झाली. जिथे खेळायला जावं तिथे माणसं डेन्झिलच्या पाठीवर थाप मारून ती ऐकायची, आणि तोही लेकाचा खुशाल तिखटमीठ लावून सांगायचा. मॉर्वेनाला ते आवडत नव्हतं. इतक्या मोठ्याने बोललेलं कधीतरी अंगावर येतं, असं तिला वाटे. पण डेन्झिलला सांगणार कोण?

फेब्रुवारीत, घरच्या सामन्यात, एक स्क्रम कोसळला. सगळे उठले, डेन्झिल गुडघ्यावरच राहिला. मॉर्वेना धावत गेली. त्याचा डावा हात खांद्यापासून मेल्यासारखा लोंबत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तिने कधी न पाहिलेली भीती होती. थोड्या वेळाने बोटं हलली. हात जागा झाला.

"कुणाला सांगायचं नाही," तो म्हणाला.

"अरे, मानेचा फोटो काढायला हवा."

"मोसम संपला की काढू. मॉ, माझ्या जागी यायचा तो किट्टो अजून कच्चा आहे. मी नसलो तर आपण खालच्या गटात जाणार. माझ्या गळ्याची शपथ घे."

"गळ्याची? त्याचाच तर घोळ आहे."

तो हसला. तीही हसली, आणि तिथेच चुकली. सांगायला हवं होतं. त्याच दिवशी पेट्रॉकला, आमच्या कप्तानाला, जाऊन सांगायला हवं होतं. पण भावाचा शब्द मोडवेना. मग दर शनिवारी स्क्रम उठला की ती त्याच्या डाव्या हाताकडे आधी बघायची.

मार्चमध्ये आम्ही जिंकायला लागलो, काय सांगावं. गावाला चेव आला. आणि शेवटच्या शनिवारी असा योग जुळून आला की पोर्थवीन आणि ट्रेस्कॅरन, दोघांतला एकच वरच्या गटात राहणार. आम्हाला बरोबरी पुरत होती, त्यांना जिंकायलाच हवं होतं. ते आमच्याकडे आले. दोन बस भरून माणसं आली.

पहिल्या अर्ध्यातच किट्टोचा घोटा मुरगळला. म्हणजे राखीव प्रॉप गेला. मॉर्वेनाने त्याला बाकावर बसवलं, बर्फ बांधला, आणि तिच्या मनात एकच गोष्ट आली: आता डेन्झिलच्या मागे कुणी नाही.

शेवटची काही मिनिटं. आम्ही पाच गुणांनी पुढे. आणि ट्रेस्कॅरनला आमच्या रेषेपासून पाच मीटरवर स्क्रम मिळाला, तोही मॉर्वेना उभी होती त्याच बाजूला. त्यांनी ढकलत ढकलत चेंडू रेषेपार नेला की ट्राय, म्हणजे पाच गुण, आणि वरून किकचे दोन. संपलं सगळं. पाऊस धरला होता, मैदान गुरांच्या गोठ्यासारखं झालं होतं. दोन्हीकडची माणसं ओरडून ओरडून घसा बसवत होती.

स्क्रम बसला. एक धक्का, आणि कोसळला. माणसं एकेक करून चिखलातून उठली. कुणाची चूक ते रेफ्रीला कळेना, म्हणून त्याने पुन्हा मांडायला लावला. मॉर्वेनाने डेन्झिलच्या हाताकडे पाहिलं. हात हलत होता, पण तो मान वळवत नव्हता. शेजारच्याशी बोलायला त्याने सगळं अंग वळवलं.

दुसऱ्यांदा बसला. डेन्झिलने धरला. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. पुन्हा घसरला, पुन्हा मांडा. तिसऱ्यांदा बसला, पुन्हा धरला. जिथल्या तिथे, इंचभर मागे नाही. लोक त्याच्या नावाने ओरडत होते, आणि मग तोही घसरला. उठताना डेन्झिलचा डावा हात लोंबत होता, आणि ते फक्त मॉर्वेनाने पाहिलं. उजव्या हाताने त्याने डाव्याचं मनगट पकडलं, उचललं आणि शेजाऱ्याच्या सदऱ्यावर नेऊन ठेवलं, जसं एखादं सामान ठेवावं. ते खाली पडलं. त्याने पुन्हा उचललं.

ती आत धावली.

"हात वर कर," ती म्हणाली.

"जा बाहेर." तो दातांवर दात ठेवून बोलत होता.

"डेन्झिल, हात वर कर. करून दाखव, मी आत्ता जाते."

त्याने केला नाही. पाऊस दोघांच्या तोंडावर पडत होता. मग तो अगदी हळू म्हणाला, "मॉ, आत्ता मी गेलो तर ढकलणं बंद. म्हणजे आपणच जिंकणार. काय म्हणतील सगळे? ऑक्टोबरात मी त्याला काय बोललो, ऐकलंयस ना तू?"

"म्हणू देत."

"दोन धरले मी. तिसराही धरीन. मला उभा राहू दे."

"आणि पुन्हा उठला नाहीस तर?"

"मला बाहेर काढलंस तर तुझं तोंड बघणार नाही मी. खरंच सांगतो."

"नको बघूस," मॉर्वेना म्हणाली. तिला रडू आलं होतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती. "पण चालत घरी ये." ती रेफ्रीकडे वळली. "सर, मान आहे. फेब्रुवारीतही झालं होतं, मी लपवलं. हा आता खेळणार नाही."

रेफ्रीने डेन्झिलकडे पाहिलं. डेन्झिल ताठ उभा. "मला काही झालेलं नाही सर," तो म्हणाला.

"तुमच्या बाईंनी मान म्हटलं, माझ्यापुरतं तेवढं बास," रेफ्री म्हणाला. "दुसरा प्रॉप आहे?"

"नाही सर," पेट्रॉक म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला. चेहरा पाडायचा त्याने प्रयत्न केला, पण त्याला ते जमलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. मॉर्वेनाने डेन्झिलच्या गळ्याला कडक पट्टा बांधला. स्ट्रेचर आणलं तर तो त्यावर निजेना. अंगात होतं नव्हतं ते बळ लावून, स्वतःच्या पायांनी चालत बाहेर गेला. त्यानेच घात केला. धडधाकट चालणारा माणूस बघून ट्रेस्कॅरनची माणसं पेटली. "काय चालतोय बघा रे, हिरो." "नाटक मंडळीत जा, डेन्झिल. तिथे पडायचे पैसे देतात." अख्खं वाक्य त्यांना पाठ होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आमचीच माणसं हसत होती, एकमेकांना कोपरं मारत होती. डेन्झिलच्या कानांपर्यंत सगळं पोचत होतं. मान वळवता येत नव्हती, म्हणून तो समोर बघत चालला.

न ढकलता स्क्रम झाला. ट्रेस्कॅरनने चेंडू बाहेर काढला, आमच्या पोरांनी दोनदा अडवला, तिसऱ्यांदा त्यांच्या हातून निसटला. शिट्टी वाजली. आम्ही राहिलो, ते खाली गेले.

कपडे बदलायच्या खोलीत मॉर्वेनाने डेन्झिलला बाकावर उताणं निजवलं होतं. ॲम्ब्युलन्सला फोन झाला होता. तो छताकडे बघत होता. पेट्रॉक दारातून डोकावला, चिखलाने माखलेला, आनंदाने फुललेला. मॉर्वेनाच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "काय वेळ साधलीस पोरी. फेब्रुवारीचं जोडून दिलंस ते तर एक नंबर."

"पेट्रॉक, ते खरं होतं."

"हो हो, खरंच होतं," डोळा मारून तो गेला. बाहेर गाणी सुरू झाली होती.

डेन्झिलच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. ते पुसायला त्याने हात उचलला नाही. "बघितलंस?" तो म्हणाला. "वीस वर्षं. आणि आता मरेपर्यंत हे. दोन धरले होते मॉ, मानेचं तसं झाल्यावरसुद्धा दोन धरले. ते कुणाच्या लक्षातही राहणार नाही."

मॉर्वेनाने बाहीने ते पाणी पुसलं. तेवढ्यात दारात क्लेम अँगोव्ह येऊन उभा राहिला. कानांवरच्या पट्ट्याही काढल्या नव्हत्या. मॉर्वेना आडवी आली. "आज नको, क्लेम. हात जोडते."

"येऊ दे त्याला," डेन्झिल छताकडे बघत म्हणाला. "त्याचा दिवस आहे. बोल बाबा, काय बोलायचं ते."

क्लेमने दार लोटून घेतलं. "पहिल्यांदा कोसळला ना, तेव्हा माझा कान तुझ्या मानेला चिकटला होता," तो म्हणाला. "आवाज झाला. मी ऐकला. तू विव्हळलास तेही ऐकलं."

डेन्झिलने डोळे मिटले.

"पुढच्या दोन्ही वेळा मी जोर लावला नाही." क्लेम जमिनीकडे बघत होता. "नुसता टेकून उभा होतो. बाकीचे सात जण रेटत होते, त्यांना वाटलं तू धरलास. मी म्हटलं, हा मूर्ख आता तरी बाहेर जाईल."

मॉर्वेनाने भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, हे त्याला सांगायला नको होतं. जवळ उरलं होतं तेवढंही गेलं.

"मग तुम्ही खाली गेलात ते त्यापायी," डेन्झिल म्हणाला.

"गेलो."

"कुणाला सांगितलंस?"

"सांगतो कुणाला? बसमधून जिवंत घरी जायचंय मला." क्लेम जरासा हसला. "आणि ऑक्टोबरात मी खोटंच पडलो होतो. तू म्हणालास ते काही चूक नव्हतं. म्हणून म्हटलं, तुला तरी माहीत असावं की आज तुझं खरं होतं, हे कुणीतरी ओळखलं."

बाहेर ट्रेस्कॅरनच्या बसने भोंगा वाजवला. क्लेम हलला नाही.

डेन्झिलने ओठ चावले. त्याची छाती वरखाली होऊ लागली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं सुटलं. "मॉ," तो म्हणाला, "हात कळत नाहीये मला. मघापासून अजिबात कळत नाहीये. फार भीती वाटतेय गं."

"पाय हलव. दोन्ही. हां, हलतायत, बघ. छान. आता मुळीच हलू नकोस." तिचे हात कामाला लागले. "क्लेम, मला त्याचा हात तपासायचाय. डोकं धर त्याचं, दोन्ही बाजूंनी. असं. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

क्लेम बाकाच्या उशाशी गुडघ्यांवर बसला आणि आपल्या चिखलाळ तळव्यांत त्याने डेन्झिलचं डोकं धरलं. बसचा भोंगा पुन्हा वाजला, मग तिसऱ्यांदा, लांबलचक.

"जा लेका," डेन्झिल म्हणाला. "तुला टाकून जातील."

"बोलू नकोस," क्लेम म्हणाला. "हलतोयस तू."

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो तिथेच बसून होता.