कापूस कोंबलेले घुंगरू

मी घुंगरांचा एक जुना जोड आहे. एका पायाला पन्नास, दुसऱ्याला पन्नास असे पितळी घुंगरू, आणि दोरीत प्रत्येक घुंगरामागे एक गाठ. मित्रांनो, शंभर तोंडं असूनही मी तीन महिने मुका होतो. ते दिवस आठवले की अजून जीव गुदमरतो.

माझी पहिली वीस वर्षं नेरूळच्या वैजयंतीबाईंच्या पायांत गेली. त्या कथक शिकवतात. नियम कडक. दोन वर्षं नुसत्या पायांनी ठेका घोटायचा, मगच घुंगरू मिळणार. कोपरखैरण्याच्या दीक्षाला मी असाच मिळालो. ही मुलगी आधी स्वतःचं नावसुद्धा जमिनीकडे बघून सांगायची. पण कथकात हाताने ताल धरून बोल मोठ्याने म्हणावे लागतात, तिथे पुटपुटून भागत नाही. म्हणता म्हणता तिची मान वर आली. बाईंना सोडताना मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण दीक्षाने मला आधी कपाळाला लावलं आणि माझा रुसवा पळाला.

तिच्या खालच्या मजल्यावर श्यामसुंदरकाका राहतात. तुर्भ्याच्या कारखान्यात रात्रपाळी, दिवसा झोप. एका दुपारी ते लाल डोळ्यांनी वर आले.

"वैनी, जरा झोपू द्या ना! डोक्याला टेन्शन झालंय."

दीक्षाची आई क्रांती घाबरली. घर भाड्याचं. पण पोरीचा नाचही तिला बंद करवेना. तिने कापूस घेतला आणि सेफ्टीपिनने माझ्या एकेका घुंगराच्या फटीत ठासून भरला.

कपाटात कोंडलं असतं तर परवडलं असतं. मी रोज पायात होतो, रोज नाचत होतो आणि तरीही कोंडलेला होतो. आतली लोखंडी गोळी हलायला जागा शोधायची. कापूस घामाने भिजायचा, वाळायचा, आणखी घट्ट व्हायचा. दीक्षाचा डावा पाय हळूहळू आळशी झाला. पायाची चूक पायाला सांगणं हेच तर माझं काम! पण तोंडात बोळा असल्यावर काय सांगणार?

वर्गात ती लाजेने "घुंगरू घरी राहिले" म्हणायची. मी पिशवीतून सगळं ऐकत होतो. शेवटी बाई म्हणाल्या, "तुझा डावा पाय बोलतच नाही, दीक्षा. महिनाभरात सुधारलं नाही तर घुंगरू परत आण. दुसरी मुलगी वाट बघतेय."

त्या संध्याकाळी दीक्षा मला हातात घेऊन सरळ खाली गेली. आई मागून हाका मारत राहिली. काकांनी दार उघडलं. दीक्षाने मान खाली घातली नाही.

"काका, तुमी झोपून कधी उठता?"

"चारला. का गं?"

"मग चारनंतर नाचले तर चालेल?"

"नाच की! मी कुठं नको बोललो?" काकांनी मला हातात घेऊन हलवलं. मी गप्प. "बिघडले काय हे?"

"आईने कापूस भरलाय. तुमची झोपमोड नको म्हणून."

काका चष्मा लावून, चिमटा घेऊन उंबऱ्याशीच बसले आणि एकेका घुंगरातला कापूस उपसू लागले. क्रांतीही खाली येऊन शेजारी टेकली. "मला एकदा विचारायचं ना वैनी," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला डावा पाय चुकला आणि मी असा ओरडलो, की दीक्षाला हसूच आलं! महिन्याअखेरीस बाईंनी डोळे मिटून ऐकलं. "आता बोलतोय. घुंगरू ठेव तुझ्याकडेच," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना घामेजलेलं ठेवू नका, कोरड्या फडक्याने पुसा. आणि कुणाचा आवाज दाबण्याआधी, अगदी मायेपोटीसुद्धा, शेजारचं दार एकदा वाजवून बघा. खाली जाऊन एक प्रश्न विचारायला आमच्या घराला तीन महिने लागले. तेवढ्या दिवसांत माझ्या सात घुंगरांतल्या गोळ्या गंजून चिकटल्या, आणि ते सात आता कधीच वाजणार नाहीत.