छत्रीवाल्याचा शेवटचा भाग

चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने सासऱ्यांनी शेवटची डिस्क पुसली, दिव्यासमोर धरून तिच्यावरचे ओरखडे पाहिले आणि यंत्रात सरकवली. सून चहाचे कप घेऊन आली तेव्हा पडद्यावर ती ओळखीची गल्ली उजाडली होती. गॅसचे दिवे, धुकं, फरशीवर घोड्यांच्या टापा.

"आज पुढे ढकलायचं नाही," सासरे म्हणाले. "संपवून टाकू."

"तुम्हालाच घाई झालीये."

"मला कसली घाई? तिकडे तो बिचारा ताटकळलाय."

तो म्हणजे तिच्या पॅथॉलॉजी लॅबमधला सहकारी. त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती आणि जाण्याआधी त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं, तेही आधी सासऱ्यांच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन. सासऱ्यांनी त्याचा नंबर तपासता तपासता त्याची पुरती उलटतपासणी घेतली आणि घरी येऊन सुनेला सांगितलं, माणूस बरा आहे, हो म्हण. ती म्हणाली होती, "मालिका संपू दे, मग सांगते." आपण गेलो की या घरात एक म्हातारा आणि एक टीव्ही उरणार, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

मालिका तिच्या नवऱ्याची. त्याने हौसेने जमवलेला डिस्कचा संच. तो होता तोवर ती मालिकेच्या वेळी या खोलीत फिरकली नाही. मला नाही बघवत खूनबिन, म्हणायची. तो गेला, घर खायला उठलं, तेव्हा तिने कपाटातून तो संच काढला. सासरे म्हणाले, "लाव. मीही नाही पाहिलेली. तो बघायचा तेव्हा मी दुकानात असायचो." तेव्हापासून दोघं बसायला लागले.

मालिकेतल्या डिटेक्टिव्हला हे दोघं साहेब म्हणत. साहेब तुसडे, कुणाचं कौतुक करायची पाळी आली की खिडकीबाहेर बघणारे. त्यांचा मदतनीस तो छत्रीवाला. ऊन असो, धुकं असो, बगलेत छत्री, आणि ती त्याने एकदाही उघडलेली नाही. या दोघांच्या उशिरा येण्यावर बोटं मोडणारी त्यांची घरमालकीण, ती मालकीण. मालिकेत त्यांना चांगली नावं होती, पण घरच्या माणसांना कोण नावाने बोलावतं? "सकाळपासून पोटात काही नाही त्याच्या," असं सून छत्रीवाल्याबद्दल म्हणायची, आणि तिचं स्वतःचं ताट तसंच निवत पडलेलं असायचं. लॅबमध्ये कुणी साहेबांना खडूस म्हटलं तर तिला राग यायचा. ते तसे नाहीत, एवढंच बोलून ती मायक्रोस्कोपखालच्या काचपट्टीवर मान झुकवायची.

खुनी कोण हे सासरे सुरुवातीलाच सांगून टाकत आणि दर वेळी तोंडघशी पडत. एकदा तर त्यांनी आंधळ्या पियानोवादकावर छातीठोकपणे आळ घेतला. तेव्हा ती हसली. नवरा गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली ती त्या दिवशी, आणि हसता हसता रडली.

"जगाला चष्मे देता बाबा, आणि तुम्हाला समोरचा खुनी दिसत नाही?"

"दिव्याखाली अंधार," ते म्हणाले.

त्यांची आणखी एक खोड होती. दुःखाचा प्रसंग आला की चष्मा काढून पुसत बसायचं. मन हळवं आहे, डोळे दाखवायचे नाहीत, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं आणि त्यावर ती त्यांना कधी चिडवत नसे.

शेवटच्या भागात सासऱ्यांनी वकिलावर बोट ठेवलं. खुनी निघाली वकिलाची बहीण. साहेबांनी तिला पकडून दिलं, सगळे घरी परतले, मालकिणीने शेगडी पेटवली. छत्रीवाल्याने कोटाच्या खिशातून एक कागद काढला आणि लाजत सांगितलं, दूरच्या गावी नोकरी मिळालीये, लग्नही ठरतंय. मालकिणीने टाळ्या वाजवल्या. साहेबसुद्धा हसले, मग खिडकीबाहेर बघायला लागले. खोलीत सगळा आनंदीआनंद होता.

सासऱ्यांनी चष्मा काढला.

तिने पडद्याकडे पाहिलं. तिथे अजून हसणंच चाललं होतं. मग त्यांच्याकडे पाहिलं. ते काच पुसत होते, सावकाश, आणि दुसऱ्या हाताने रिमोट चाचपडत होते. टीव्ही बंद झाला.

"संपलं," ते म्हणाले. "छान केला शेवट."

टीव्ही बंद झाला होता, यंत्र नाही. त्याच्यावरचे हिरवे आकडे पुढे सरकतच होते. आत डिस्क बारीक घरघरत होती. अंधारात कुठेतरी साहेबांचं पुढचं चाललं होतं.

मागे एका भागात मालकिणीच्या भावाचं प्रेत सापडलं तेव्हाही पडद्यावरचं दार उघडायच्या आधी चष्मा यांच्या हातात होता. आणि पियानोवाल्याच्या भागात, ती हसायच्या कितीतरी आधी, आपण चुकीचं नाव घेतोय हे यांना ठाऊक होतं. यांचं ते सगळं बघून झालेलं होतं, आता पुढे येणारं दुःखसुद्धा. मुलाच्या शेजारी बसून, कदाचित याच खुर्चीत. मग इतके दिवस हा माणूस तिच्यासाठी वेड पांघरून बसला होता. ती त्यांच्यावर रागवली असती, पण त्यांचा अंगठा त्याच एका काचेवर फिरत होता आणि ते तिच्याकडे बघत नव्हते.

"छान झाला शेवट," ती म्हणाली. "छत्रीवाला गेल्यावर साहेबांचं कसं होईल पण?"

"त्यांना काय धाड भरलीये? मालकीण आहे, कामं आहेत. बरं, तू काय कळवणार आहेस?"

तिने दोन्ही कप एकात एक घातले. त्यांच्या कपातला चहा तसाच होता, तो सांडला आणि तिच्या बोटांवरून ओघळला.

"हो म्हणून कळवते."

"शाब्बास."

कप ठेवून ती आली, फोन उचलला आणि आतल्या खोलीच्या दारात थांबली.

"ते राहिलंय ना, ते मी पहिल्यांदा घरी येईन तेव्हा बघू. एकट्याने बघत बसू नका."

"राहिलंय कुठे काही?"

"बरं. नसेल राहिलं. आणि वकील खुनी नव्हता, बाबा."

"नव्हता ना," ते म्हणाले. "पुन्हा चुकलो बघ."

ती हसली. जसं दर वेळी हसायची तसंच हसायचा तिने प्रयत्न केला, आणि तो बऱ्यापैकी जमला.

"जा आता, लाव त्याला फोन. वाट बघत असेल."

तिने नंबर लावला. पलीकडे रिंग वाजू लागली तेव्हा तिने दारातून मागे पाहिलं. टीव्ही बंदच होता. सासऱ्यांनी पुन्हा चष्मा काढून पुसायला घेतला होता.