पहिला घास

कावळा समोरच्या पिंपळावर बसला होता आणि खाली यायचं नाव काढत नव्हता. यशोधरा सकाळपासून त्याच्यावर डोळा ठेवून होती. आता तर तिला वाटायला लागलं होतं की मेला मुद्दामच करतोय.

आईचा दहावा दिवस होता. घाटाच्या ओट्यावर भाताचा पिंड मांडलेला होता. कावळा शिवला की आत्मा तृप्त होऊन मार्गाला लागला, नाही शिवला तर कसली तरी इच्छा राहिली, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. खरं की खोटं याचा नीट विचार करायची वेळ कधी आली नव्हती. आज आली, तर डोक्यावर ऊन आणि पोटात कावळे, जे खाली यायला हवे होते ते मात्र झाडावर.

"एक तरी आला, हेच नशीब समजा," पंढरीनाथ गुरुजी म्हणाले. "शहर साफ झालं आणि कावळे गायब. कचराच नाही तर बेचारे खाणार काय? नाहीच आला तर दर्भाचा लावून टाकू."

"दर्भाचा म्हणजे?" नीरजनं विचारलं.

"गवताचा कावळा करायचा, पिंडाला टेकवायचा. शास्त्रात सोय आहे, नीरजजी. टेन्शन नका घेऊ."

नीरजचा चेहरा खुलला. यशोधरेचा हा धाकटा भाऊ बंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि त्याचं संध्याकाळचं विमान होतं.

"गवताचा चालणार नाही," यशोधरा म्हणाली.

मग शांतामावशी पुढे झाल्या. त्या आईच्या धाकट्या बहीण. पदर सावरून, हात जोडून त्यांनी पिंडाला सांगायला सुरुवात केली. "अक्का, नीरजच्या पोरीचं लग्न अच्छे से करून देऊ. परदेशीपुऱ्याचं घर विकणार नाही." इथे त्यांनी नीरजकडे बघितलं, आणि त्यानं घाईघाईनं मान हलवली. "तुझी तुळस माझ्याकडे नेते. आणखी काय हवं गं तुला?"

कावळ्यानं पंख उकलला, चोचीनं साफ केला आणि पुन्हा मिटला.

"एक मिनिट," नीरज म्हणाला आणि त्यानं खिशातून फोन काढला. आईची जुनी पत्रं, शिकवणीच्या मुलांनी करून ठेवलेली रेकॉर्डिंगं, लग्नाच्या व्हिडिओतली बडबड असं सगळं त्यानं एका ॲपमध्ये घातलं होतं, आणि ते ॲप आता आईच्या आवाजात बोलायचं. गेले नऊ दिवस तो खोलीचं दार लावून त्याच्याशी बोलत होता. "आई, तुझी कुठली इच्छा राहिली आहे?"

"नीरज, मी तृप्त आहे," फोनमधून आई म्हणाली. "तुम्ही दोघं आनंदात राहा."

आवाज हुबेहूब होता. शांतामावशींनी तोंडावर हात ठेवला. यशोधरेच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. आई आणि तृप्त! आमटी वाटीभर प्यायल्यावरही "बरी झाली, पण" असं म्हणून थांबणारी बाई ती. त्या "पण"च्या पुढचं ऐकण्यात यशोधरेचा जन्म गेला होता.

"बंद कर ते," ती म्हणाली. "ही आई नाही."

"ताई, लॉजिकली विचार कर ना. हीच आई आहे. पाढे, गणितं, तिचे टोमणे, सगळं आहे यात. चार साल पहले जी होती ना, ती. त्याच्यानंतर..." तो आवाज मऊ करून म्हणाला, "त्याच्यानंतर आई होतीच कुठे? डॉक्टरही तेच म्हणत होते."

तो हे प्रेमानं म्हणाला, म्हणून तिला जास्तच राग आला. ओरडून म्हणाला असता तर निदान भांडता आलं असतं.

कारण तिलाही तीच धास्ती होती. जन्मभर गणित शिकवलेल्या आईचे आधी आकडे गेले. मग नीरजचं नाव गेलं, मग यशोधरेचं. शेवटी ती यशोधरेला "ओ बाई" म्हणायची. राहिली होती फक्त एक खोड. घास पुढे केला की तोंड गच्च मिटायचं. यशोधरेनं आधी एक घास स्वतः खायचा, "हं, मी खाल्लं, आता तू खा" म्हणायचं, तेव्हा कुठे ते तोंड उघडायचं. दोन्ही वेळा. अळणी, गार झालेली खिचडी. बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडून यशोधरेनं चार वर्षं हेच केलं होतं, आणि कितीदा तरी चिडून वाटी आपटली होती. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, सवय आहे, बाकी काही नाही. मग आपण चार वर्षं भरवलं कोणाला? आईला, की आईच्या सवयीला? हे एकदा कळलं असतं तर तिचं बाकी काही म्हणणं नव्हतं. आणि ज्याला विचारायचं तो झाडावर बसून पंख साफ करत होता.

"मग करू दर्भाचा?" गुरुजींनी विचारलं.

"करा," ती म्हणाली. "काय करायचं ते करा."

ती पिंडाजवळच्याच पायरीवर मटकन बसली. तिला गरगरत होतं. नीरज घाबरला. सकाळी घाटावर येताना त्यानं भंवरकुआंच्या चौकातून पोहे बांधून आणले होते, आणि स्पर्श झाल्याशिवाय घरचं कोणी खात नाही म्हणून तिनंच त्याला झापलं होतं. ती पुडी त्यानं आता गुपचूप तिच्या हातात दिली.

"अगं, अजून शिवला नाही कावळा," शांतामावशी म्हणाल्या.

"नाही शिवला तर नाही शिवला, मावशी. थकले मी." यशोधरेनं पुडी सोडली आणि गार पोह्यांचा घास तोंडात टाकला. शेव मऊ पडली होती. घास गिळला आणि समोरच्या पिंडाकडे बघत, सवयीनं, ती वैतागून म्हणाली, "हं, मी खाल्लं, आता तू खा."

फांदी हलली. कावळा सरळ ओट्यावर उतरला, मान तिरकी करून त्यानं तिच्याकडे बघितलं आणि पिंडात चोच घातली.

गुरुजींच्या हातात अर्धवट वळलेला दर्भ तसाच राहिला. शांतामावशींनी हात जोडले.

"शेव दिसली असेल त्याला," नीरज हळूच म्हणाला. मग त्यानं विचारलं, "ताई, तू काय म्हणालीस आत्ता?"

"रोजचंच," ती म्हणाली. "तुला नाही माहीत."

त्यानं फोन खिशात टाकला आणि तिच्या शेजारी पायरीवर बसला. यशोधरेला रडू फुटलं, आणि चारचौघांत फुटलं म्हणून त्याचाही राग आला. पदरानं नाक पुसत तिनं पिंड खाणाऱ्या कावळ्याकडे बघितलं.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली. "सकाळीच खाल्लं असतं मी."