दहा आणि थोडंसं

त्या वर्षी पहिलीच्या वर्गात बत्तीस मुलं होती आणि त्यांत एक 'रेडिओ' होती. नाव तिला वर्गानेच ठेवलं होतं. एकदा सुरू झाली की एक ते शंभर धडाधड म्हणून मगच श्वास घ्यायची. पाहुणे आले की मुख्याध्यापक तिलाच उभी करायचे.

बाईंची नोकरी तेव्हा नवी होती. एकदा त्यांनी सहज शर्टाच्या बटणांचा डबा तिच्यापुढे सरकवला. "यातली सात काढ बघू."

रेडिओने मूठभर बटणं उचलून बाईंच्या हातावर ठेवली.

"सात म्हणजे किती गं?"

"सहाच्या नंतरचे," ती म्हणाली. उत्तर चुकलंय असं तिला जराही वाटलं नव्हतं.

बाई दिवसभर बेचैन होत्या. पोर शंभरापर्यंत पाठ म्हणत होती, आणि साताशी तिची साधी ओळखसुद्धा नव्हती.

घरी सासरे होते. आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस. सासूबाई गेल्या आणि त्यांनी परसातल्या कामाच्या खोलीला जे कुलूप लावलं, ते दोन वर्षं काढलं नव्हतं. खिडकीशी बसून राहायचे, विचारलं तेवढंच बोलायचे.

बाईंनी जेवताना विषय काढला. "बाबा, मला लाकडाचे ठोकळे हवेत. एकसारखे, दोनशे. आणि दहा ठोकळ्यांएवढ्या लांबीच्या दांड्या, वीस."

"कशाला?"

"मुलांना दहा दाखवायचेत."

"दहा दाखवायला लाकूड कशाला लागतं? आमच्या वेळी नुसतं पाठ करायचो."

"म्हणूनच तुम्ही चौथीत शाळा सोडलीत ना?"

नवऱ्याला ठसका लागला. सासरे हात धुऊन पुन्हा खिडकीशी जाऊन बसले. पण दुसऱ्या दिवशी बाई शाळेतून आल्या, तर परसातून रंध्याचा आवाज येत होता. त्या बराच वेळ दारातच उभ्या राहिल्या. घरातलं कुणी परगावी गेलेलं परत यावं, तसं त्यांना वाटलं.

पंधरा दिवसांत पेटी तयार झाली. एकेक ठोकळा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेला. "पोरांच्या बोटांत कुसळ जाता कामा नये," एवढंच सासरे म्हणाले आणि पेटी खांद्यावर घेऊन स्वतःच शाळेत आले. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे कानाशी घेऊन बसले.

मुलं ठोकळ्यांवर तुटून पडली. कुणी मनोरे रचले, कुणी आगगाडी केली. रेडिओने मात्र बाईंनी सांगितल्याप्रमाणे एका दांडीशेजारी ठोकळे लावले. मोजून दहा. मग पुन्हा मोजले. मग म्हणाली, "बाई, ही दहाची नाही. दहा आणि थोडंसं आहे."

खरंच होतं. दहावा ठोकळा संपल्यावरही अर्ध्या ठोकळ्याएवढी दांडी पुढे उरत होती. बाईंनी दुसरी दांडी लावून पाहिली. तीच गत.

"चालतं गं, थोडंसंच तर आहे," बाई घाईने म्हणाल्या. सासऱ्यांकडे बघायचं त्यांना धाडस होईना.

"पण दहा नाहीत ना."

सासरे उठले, चष्मा लावून जमिनीवर बसले आणि त्या उरलेल्या टोकावर बोट ठेवलं. "पोरीचं बरोबर आहे. करवतीची जाडी धरली नाही मी." मग पेटी तिथेच ठेवून ते निघून गेले.

संध्याकाळी ते खिडकीशी बसले होते. "ही चूक केली म्हणून मी हाताखालच्या माणसांना फाडून खायचो," ते म्हणाले. "डोळे अधू झालेत हे ठाऊक होतं, सूनबाई. आता डोकंही गेलं."

"गेलं नाही, बाबा. दोन वर्षं कुलपात होतं, गंजलं थोडं."

बोलून गेल्यावर बाईंनी जीभ चावली. पण म्हातारा हसला. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी ते करवत घेऊन वर्गात हजर. रेडिओने त्यांना गाठलंच. "आजोबा, मग ते उरलेलं कुठे गेलं?"

"करवतीने खाल्लं. हे बघ." त्यांनी एक फळकूट कापून जमिनीवर पडलेला भुसा दाखवला. "ठोकळे सगळे तेवढ्याने लहान झाले. आता दांड्याच आखूड करायच्या. रेघ तुम्ही मारायची, कापायचं मी."

मग दोन दिवस वर्गात दुसरं काही झालं नाही. जोडीजोडीने मुलं दांडीशेजारी दहा ठोकळे लावत, मोजत, भांडत, पुन्हा मोजत आणि पेन्सिलने रेघ मारत. सासरे रेघेच्या बाहेरून करवत चालवत. एका जोडीने नऊच ठोकळे लावले होते. म्हाताऱ्याने करवत उचलून धरली आणि म्हणाला, "मोजा. कापलेलं लाकूड वाढत नाही." त्यांनी मोजलं आणि धावत जाऊन दहावा आणला.

पुढे वजाबाकी आली. बत्तिसातून आठ. रेडिओपुढे तीन दांड्या, दोन ठोकळे. ती क्षणभर अडली. मग एक दांडी घेऊन सासऱ्यांकडे गेली. "आजोबा, सुटे द्या."

त्यांनी दांडी घेतली आणि दहा ठोकळे मोजून तिच्या ओंजळीत टाकले. तिने आठ बाजूला सारले. "चोवीस!"

बाई फळ्याशी उभ्या होत्या. त्यांच्या लहानपणी मास्तर ओरडायचे, "हातचा घे!" आणि त्या खरंच तळहात उघडून बघायच्या, तिथे काही नसायचं, मग छडी बसायची. इतक्या वर्षांनी त्यांना तो हातचा दिसला, एका सहा वर्षांच्या मुलीच्या ओंजळीत. त्यांनी फळा पुसायला तोंड फिरवलं. फळा कोराच होता.

सासरे पुढे सहा वर्षं दर मंगळवारी शाळेत येत राहिले. हात थरथरायला लागल्यावर करवत सुटली, पण सुटे देण्याचं काम त्यांनी शेवटपर्यंत केलं. ते गेले तेव्हा रेडिओ सातवीत होती. आईला घेऊन घरी आली, उंबऱ्याशी घुटमळली आणि बाईंना बिलगून रडली.

नंतर शाळेत रंगीत प्लॅस्टिकचे संच आले. हलके, तंतोतंत मापाचे. बाईंनी कधी तक्रार केली नाही. मुलं त्या संचांवरही छान शिकली. फक्त निवृत्तीनंतर, दुपारी घर शांत असलं की, बाईंना एक आवाज हवाहवासा वाटतो. बत्तीस मुलांनी एकदम फरशीवर ओतलेल्या लाकडी ठोकळ्यांचा खडखडाट, आणि त्यावर शेजारच्या वर्गातल्या बाईंची भिंतीवर पडणारी थाप.