आत्याची शीळ

आत्या शिळेवर अख्खं गाणं वाजवायची. शिळेच्या स्पर्धेसाठी तिचा व्हिडिओ आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. भाचीने तो मोबाइलवर घेतला आणि काटछाट करायला कॉम्प्युटरवर लावला, तर निम्म्यावर आत्याचे ओठ मिटले तरी शीळ चालूच!

"वहिनी, शीळ कुणाकडून उसनी आणलीत?" सोफ्यावरून आत्याचे दीर म्हणाले. शेजाऱ्यांची शिडी वर्षभर घरात ठेवून घेतलेला माणूस उसनवारीवर बोलत होता.

आत्याचा चेहरा पडला. परीक्षकही हेच म्हणणार.

भाचीने आवाज मागेपुढे सरकवून पाहिला. सुरुवात जुळवली की शेवट सुटायचा, शेवट धरला की सुरुवात. मोबाइलवर मात्र तोच व्हिडिओ नीट चालत होता. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आत्या, तू शीळ घालताना खिडकीपासून आत अंधारात आलीस ना? फोन उजेडात सेकंदाला जास्त चित्रं घेतो, अंधारात कमी. कॉम्प्युटर सगळ्यांना एकच माप लावतोय, म्हणून चित्रं आवाजाच्या पुढे पळतायत."

"मग त्याला समजाव."

"त्याला कशाला? व्हिडिओलाच शिस्त लावते."

तिने मूळ फाइल एकसारख्या फ्रेमरेटची, म्हणजे दर सेकंदाला तेवढीच चित्रं असलेली, करून घेतली आणि काटछाट नव्याने केली. शेवटच्या लांब सुरावर ओठ आणि शीळ एकदमच थांबले.

"परत लाव बघू," दीर म्हणाले. चूक शोधत त्यांनी तो तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा त्यांच्याही ओठांचा नकळत चंबू झाला आणि त्यातून नुसती हवा आली.

"भावजींचा आवाज मागे राहिलाय," आत्या म्हणाली. "माझा जुळलाय. पाठव गं!"