वीस लाख पावले

मी एक जुने, जागच्या जागी चालणारे यंत्र आहे. हसू नका, मित्रांनो. आजवर मी कोट्यवधी पावले टाकली, पण दाराबाहेर काही पोचले नाही. तरी स्वस्थ बसणे मला ठाऊक नाही. वीज गेली की माझा जीव कासावीस होतो.

माझे काम सांगते. माझ्या चौकटीत नमुन्याचे एक कृत्रिम पाऊल घट्ट बसवतात. माझा एक दट्ट्या त्याची टाच दाबतो, दुसरा चवडा. टाच, चवडा, टाच, चवडा. सेकंदाला एक पाऊल. न मोडता वीस लाख पावले सोसली, तरच त्या घडणीची पावले माणसांच्या पायाला लावायची.

मला घडवले एका सरकारी प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंनी. हलक्या पावलासाठी लागणारे रबरही त्यांनीच शोधले. पाहुणे येत, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. मीही जरा भाव खात असे. पण तिथे वर्षाला जेमतेम दहा पावले तयार होत, आणि वाट पाहणारी माणसे होती हजारो. मग एक खाजगी कारखाना पुढे आला. करार झाला. रबराची कृती आणि मी प्रयोगशाळेचे, साचे आणि कामगार कारखान्याचे. मला ट्रकमध्ये चढवले तेव्हा माझ्या अंगावर एक कागद चिकटवला होता. ‘सरकारी मालमत्ता. लेखी परवानगीशिवाय उघडू नये.’

कारखान्यात माझी जबाबदारी मिस्त्रींकडे आली. अबोल माणूस, पण रोज सकाळी माझी चौकट स्वतःच्या रुमालाने पुसायचे. त्यांच्या मुलीचे एक पाऊल लहानपणी अपघातात गेले होते. तिला नुकतीच शाळेत शिकवण्याची नोकरी लागली होती, आणि जड लाकडी पावलावर दिवसभर उभे राहणे म्हणजे शिक्षाच. एक तारखेला ती नव्या पावलावर वर्गात जाईल, एवढाच मिस्त्रींना ध्यास होता.

वर्षभरात माझा टाचेचा दट्ट्या कोरडा पडू लागला. तेलाची वाटी झाकणाखाली, आणि त्या झाकणावरच तो कागद.

“थोडं तेल सोडतो की मी,” मिस्त्री म्हणाले.

“झाकण उघडलं आणि उद्या काही बिघडलं, तर आपल्याच गळ्यात येईल,” कारखान्याचे साहेब म्हणाले. “पत्र लिहा.”

पत्र गेले. प्रयोगशाळेचे उत्तर आले, यंत्र आपल्या ताब्यात आहे, देखभाल आपण करावी. कारखान्याने कळवले, मालकी आपली आहे, आपणच करावी. प्रयोगशाळेने पुन्हा पहिलेच उत्तर पाठवले. पत्रांची ये-जा चालू राहिली, आणि तेल काही आले नाही.

मी आधी कुरकुरले. मग माझा दट्ट्या अर्ध्यावरच अडखळून परतू लागला. टाचेवर भार पडेना. आकडा दाखवणाऱ्या डबीला मात्र काही कळत नव्हते, ती प्रत्येक पाऊल मोजत होती. एकामागून एक नमुने पास झाले. सगळे खूश. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. चारशे पावले खोक्यांत भरून तयार होती, आणि मला तोंड नव्हते.

महिनाअखेरीस मिस्त्रींची मुलगी आली. कारखान्यातले पहिले पाऊल तिला द्यायचे म्हणून संशोधक बाईही आल्या होत्या. मुलीने पट्टे आवळले आणि ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. मिस्त्रींनी उगाच चष्मा पुसला. परत येताना ती माझ्यापाशी थांबली आणि तिने मान कलती केली.

“बाबा, हे लंगडतंय.”

“कोण गं?”

“हे यंत्र. टाच टेकवतच नाहीये. पाय दुखत असला की मी अशीच चालते. आवाज ऐका ना.”

“अगं, आकडा बघ,” साहेब म्हणाले. “वीस लाख पूर्ण झालेत.”

बाई मात्र खाली बसल्या. “एक कागद द्या.” मिस्त्रींनी हाताला लागले ते फाइलमधले शेवटचे पत्र दिले. बाईंनी ते टाच आणि दट्ट्या यांच्यामध्ये सरकवले. ते घट्ट दाबले जायला हवे होते. बाईंनी ओढताच अलगद बाहेर आले. खालची सही पाहून त्यांचा चेहरा उतरला.

“हे मीच पाठवलं होतं,” त्या म्हणाल्या.

मुलगी स्टुलावर बसली आणि पट्टे सोडू लागली.

“तुझं राहू दे,” मिस्त्री घाईने म्हणाले. “तुझं चांगलंच निघेल.”

“माझंच आधी यंत्राला लावा, बाबा.”

“आणि एक तारखेला?”

“जुनं आहे की. लंगडेन थोडे दिवस.”

बाईंनी झाकणावरचा तो कागद नखाने खरवडून काढला. मिस्त्रींनी तेल सोडले. मी चालू लागले, आणि या वेळी मला चालायचे नव्हते. मिस्त्री डबाही माझ्याजवळच बसून खात. आठव्या दिवशी दुपारी, सात लाखांच्या जरा अलीकडे, काडकन आवाज झाला. टाच दुभंगली होती. मिस्त्रींनी दोन्ही तुकडे उचलले, माझ्या चौकटीला कपाळ टेकले आणि ते रडले. ते पाऊल माझ्याखाली मोडले होते, तिच्याखाली नाही.

खोकी परत उघडली गेली. टाचेची कृती सुधारायला पाच महिने लागले. तेवढे दिवस ती मुलगी लाकडी पावलावर उभी राहून शिकवत होती. आता तिच्याकडे नवे पाऊल आहे. ते ज्या घडणीचे आहे, तिने माझ्याखाली खरोखरची वीस लाख पावले सोसली आहेत.

मित्रांनो, एखादी वस्तू दोघांची असेल, तर तिची काळजी कोणी घ्यायची हे जरूर विचारा. पण उत्तर येईपर्यंत तेल घालत राहा.

सुट्टीच्या दिवशी ती मुलगी कधीतरी वडिलांना भेटायला येते. माझ्यापाशी थांबते, मान कलती करून ऐकते. मी जीव मुठीत धरून टाच टेकवते. काही न बोलता ती पुढे गेली, की मगच माझ्या जिवात जीव येतो.